आगोटीआधी खुराडं: पाऊस अडवा, वारा कोंडू नका

आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, कामं निघाली की घराची शाकारणी होते, लाकूडफाटा भरला जातो, सुकी मासळी डब्यात जाते. खुराडं आठवतं ते पहिली झड आत आल्यावर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, पुढच्या वर्षी मेच्या मध्यावर तौक्ते आपल्या किनाऱ्याला लागून वर गेलं. दोन्ही वेळा मृग लागायचाच होता. म्हणून छपराचं काम मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरका.

पण पावसाला भिऊन खुराडं गुंडाळून टाकू नका, हे मला कळकळीने सांगायचंय. पहिल्या वर्षी मी तिन्ही बाजूंना खालपासून वरपर्यंत ताडपत्री ठोकली होती. आत पाण्याचा थेंब नव्हता, तरी आषाढात बारा तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, गेल्या. सकाळी दार उघडलं की डोळे चुरचुरायचे. ओल्या विष्ठेतून सुटणारा तो अमोनिया. माणूस उभा असतो, त्याला थोडाच लागतो; कोंबडी रात्रभर त्यातच श्वास घेते. धडधाकट कोंबडीला कोरडा गारवा सोसतो, कोंदट ओल सोसत नाही.

आपल्याकडे कोकणात पाऊस नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून मारतो. त्यामुळे खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे झडीच्या तोंडाला अरुंद बाजू येते. ती पश्चिमेची भिंत चिऱ्याची, छपरापर्यंत बंद. दक्षिणेला गुडघाभर भिंत, वर जाळी आणि बाहेरून झापं (माडाच्या विणलेल्या झावळ्या) किंवा ताडपत्री. मात्र ती वाशाला चिकटवून बांधू नका. पागोळीखाली वीतभर फट मोकळी राहू द्या. उबदार, दमट हवा वर चढते आणि तिथूनच बाहेर पडते. उत्तरेची जाळी उघडीच बरी, वादळाचा इशारा असेल तेवढीच रात्र झाका.

छप्पर भिंतीबाहेर तीन फूट तरी काढा. एवढं पाखं वाऱ्याला पकड देतं हे खरं, म्हणून कडेच्या पत्र्याला हुक जवळजवळ मारा आणि प्रत्येक वासा खांबाला जाड तारेने आवळा. खांब दोन फूट जमिनीत, काँक्रीटमध्ये. किनाऱ्यालगत खारी हवा साधी जाळी दोन पावसांत खाऊन टाकते, तेव्हा गॅल्व्हनाइज्डच घ्या. सावली कितीही चांगली असली तरी माडाखाली खुराडं नको. वादळात झावळ आणि नारळ पत्र्यावरच येतो.

जोतं दीड-दोन फूट उंच हवं, भोवती पाणी वाहून जायला चर हवा. आत भाताचा तूस तीन-चार इंच पसरा आणि रोज खालीवर करा. एक खूण लक्षात ठेवा: मूठभर तूस घट्ट दाबून मूठ उघडायची. लाडू तसाच राहिला तर ओल जास्त आहे, लगेच सुटला तर ठीक. ओला भाग, बहुतेक पाण्याच्या भांड्याभोवतीचाच, उचलून बाहेर टाका आणि तिथे कोरडा तूस व थोडा चुना मिसळा. ओलीत रक्ती हगवण पसरते आणि पिल्लांना तीच आधी गाठते. भांडं विटेवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवलं की निम्मी सांडलवंड थांबते. कोंबडी गावठी असो किंवा गिरिराजसारख्या सुधारित जातीची, दर पक्ष्याला किमान दोन चौरस फूट जागा द्या. पावसात त्या दिवसचे दिवस बाहेर पडत नाहीत, दाटी झाली की एकमेकींना टोचतात.

मानमोडीची (राणीखेत) आणि कोंबड्यांच्या देवीची लस पाऊस लागायच्या आधीच, पशुवैद्यकांना विचारून टोचून घ्या. देवी डासांमुळेही पसरते.

खाद्याची पोती जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका, फळीवर रचा. बुरशी लागलेला मका वाळवून, पाखडून पुन्हा घालायचा मोह होतो. तो घालू नका, बुरशीचं विष उन्हाने जात नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पंधरा दिवस पुरेल एवढंच खाद्य आणा.