सोलर पॅनलचा डायोड परत परत उडतोय? या चुका टाळा

पट्टणकोडोलीकडचे एक मेंढपाळ मामा एकाच उन्हाळ्यात तीनदा माझ्याकडे आले, तेच ४० वॅटचं घडीचं पॅनल घेऊन. "पोरा, परत चार्जिंग होईना बघ." दोनदा मी डायोड, म्हणजे करंटला एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग, बदलून पॅनल परत दिलं. तिसऱ्यांदा विचारलं, "मामा, बॅटरीला वायरी कधी जोडता?" म्हणाले, "रातच्याला, मेंढरं बसवल्यावर. सकाळी लई गडबड हुतीया." म्हणजे वाड्यावरचा अंधार, दोन्ही वायरी काळ्या, टोकांना एकसारखे चिमटे आणि मध्ये चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर नाही. डायोड कशाने जातात ते तिथंच कळलं.

म्हणून पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच: डायोड का गेला हे न विचारता नवा बसवणं.

पॅनलच्या मागच्या डबीत असतात ते बायपास डायोड. ३६ सेलच्या पॅनलमध्ये साधारण १८ सेलना एक, असे दोन. एरवी ते काहीच करत नाहीत. एखाद्या सेलवर सावली पडली की तो सेल करंट अडवतो, तेव्हा हा डायोड करंटला बाजूने वाट देतो. पण बॅटरी उलटी जोडली, म्हणजे बॅटरीचा प्लस पॅनलच्या मायनसला लागला, की हीच वाट बॅटरीला मोकळी मिळते. मध्ये अडवायला वायरीशिवाय काही नाही. लेड-ॲसिड बॅटरी क्षणात एवढा करंट सोडते की डायोड आतून शॉर्ट होतात, म्हणजे दोन्ही दिशांनी करंट सोडायला लागतात, कधी वायरीचं प्लॅस्टिकही वितळतं. ब्लॉकिंग डायोड आहे म्हणून निर्धास्त राहणारे बरेच भेटतात. तो रात्री बॅटरीतून पॅनलकडे परत जाणारा करंट थांबवतो, बस्स. उलट्या जोडणीत करंट त्याच्या सरळ दिशेनेच वाहतो, त्यामुळे तो काही अडवत नाही, उलट बाकीच्यांबरोबर तोही जळतो.

या प्रकारात एक डायोड मेलेला दिसला तरी सगळेच तपासा. मी तर सगळे बदलतोच. एकाच झटक्यातून गेलेला दुसरा डायोड आज मीटरवर बरा दिसला, तरी त्याचा भरवसा धरत नाही.

डबी उघडायच्या आधी

बरेच जण थेट कटर घेऊन डबी फोडतात. आधी पॅनल उन्हात ठेवा, सगळं काही सोडवा आणि उघड्या वायरींवर व्होल्ट मोजा. ३६ सेलच्या पॅनलला २१-२२ व्होल्ट यायला हवेत. साडेदहा-अकरा आले तर एक बायपास शॉर्ट आहे. जवळपास शून्य आले तर दोन्ही शॉर्ट असतील किंवा वायर तुटलेली असेल. व्होल्ट पूर्ण, पण करंट निम्मा, असं घडीच्या पॅनलमध्ये बऱ्याचदा दिसतं. समांतर जोडलेल्या दोन पाकळ्यांपैकी एक बाहेर पडली की हे होतं, आणि त्यात डायोडपेक्षा घडीवरची वायरच जास्त वेळा दोषी निघते. रोज दोनदा दुमडून ती कापडाच्या आत तुटते, वरून काही दिसत नाही. ती घडी हळू हलवत मीटर बघा, आकडा उड्या मारायला लागला की जागा सापडली.

करंट मोजून झाला की मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकातून लगेच काढा. तशीच राहिली आणि त्याच मीटरने बॅटरीचे व्होल्ट बघायला गेलात, तर बॅटरी सरळ शॉर्ट होते.

डायोड ओपन झाला असेल, म्हणजे आतून तुटून करंट सोडतच नसेल, तर यातलं काहीच कळत नाही. पॅनल छान चालतं, फक्त सावलीत एकदम बसतं, आणि अडलेला सेल तापून काळा पडतो. त्याची परीक्षा वेगळी आहे: मीटर अँपिअरवर लावून पॅनल उन्हात धरा आणि एका भागातला एकच सेल पुठ्ठ्याने झाका. बायपास चांगला असेल तर करंट जवळपास तेवढाच राहतो. धाडकन पडला तर त्या भागाचा डायोड ओपन आहे. मग दुसऱ्या भागातला एक सेल झाकून तेच करा.

डबी उघडल्यावर पॅनल सतरंजीवर पालथं घाला आणि डायोडचा एक पाय सोडवून डायोड मोडवर तपासा. उजेडात, दोन्ही पाय जोडलेले असताना मीटर काहीही सांगतो. शॉटकी डायोड (कमी व्होल्ट खाणारा प्रकार) एका बाजूने ०.१५ ते ०.३ व्होल्ट दाखवतो, उलट्या बाजूने काही नाही. दोन्हीकडून शून्य म्हणजे शॉर्ट.

"तसलाच द्या की" म्हणून आणलेला डायोड

दुकानात काळा, उभट डायोड मागितला की १एन४००७ हातात पडतो. तो १ अँपिअरचा. १०० वॅटचं पॅनल साडेपाच अँपिअर देतं, सावलीच्या पहिल्याच दुपारी तो जातो. ३ अँपिअरचा १एन५४०८ सुद्धा इथं कमीच. १०एसक्यू०४५ किंवा १५एसक्यू०४५ हा ४५ व्होल्टचा शॉटकी मागा. ४५ व्होल्ट ऐकून काही जण जास्त व्होल्टचा शोधत बसतात. गरज नाही, बायपासवर त्याच्या १८ सेलचेच अकरा-एक व्होल्ट उलटे येतात. इथं अँपिअर आणि उष्णता महत्त्वाची. साध्या सिलिकॉन डायोडवर एक व्होल्टच्या आसपास पडतो, म्हणजे बंद डबीत पाच वॅटची आग. शॉटकीवर साधारण त्याच्या निम्मी. तीही कमी नाही, म्हणून डायोडभोवती फोम कोंबू नका.

पट्टी कुठल्या बाजूला

बायपासची पांढरी पट्टी त्या भागाच्या प्लसकडे. ब्लॉकिंगची पट्टी बॅटरीकडे जाणाऱ्या प्लसकडे. बायपास उलटा बसला तर उन्हात ठेवताच डायोड चटका देतो आणि तो भाग पूर्ण बसतो. जुना काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पण उघडलेलं पॅनल आधी कुणी दुरुस्त केलेलं असेल तर फोटोवर विसंबू नका, मीटरने प्लस शोधा.

सेलकडून येणारी चपटी पट्टी कागदासारखी पातळ असते. ओढली की मुळापासून सुटते आणि मग ते पॅनल वाचवणं अवघड. डबीत जेल भरलेलं असेल तर हेअर ड्रायरने मऊ करून लाकडी काडीने कोरा, ब्लेड लावू नका. रोझिनचा सोल्डर वापरा, पत्र्याच्या कामाचं ॲसिड नको.

बंद करताना व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन लावू नका. त्यातल्या ॲसिडने तांबं हिरवं पडतं. न्यूट्रल सिलिकॉन मागा. वायर आत शिरते ती जागा आधी भरा. गगनबावड्याकडच्या पावसात पाणी तिथूनच शिरतं. आणि लावायच्या आधी पुठ्ठ्याची परीक्षा पुन्हा करा, कारण वाळलेला सिलिकॉन परत खरवडणं फार जिकिरीचं.

मामांच्या पॅनलला मी सगळेच डायोड नवे घातले. बॅटरीच्या प्लसला ५ अँपिअरचा फ्यूज लावला. उलटं जोडलं तर बहुतेक वेळा डायोडच्या आधी तोच जातो, आणि तो बदलायला मामांना कोल्हापूरला यावं लागत नाही. चिमटे काढून एकाच बाजूने बसणारा कनेक्टर बसवला, पण कधी बॅटरी बदलली तर वायरी पुन्हा सुट्या होणारच. म्हणून प्लसच्या वायरीला सुतळीची जाड गाठ मारली, अंधारात बोटांना लागेल अशी, आणि दोन सुटे फ्यूज चिकटपट्टीने वायरीलाच गुंडाळून दिले.