डिग्रीला विषय घेताना

बारावी झालेल्या पोरांनो, फॉर्म भरण्याआधी माझं एवढं ऐका. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात राहते, दर जूनमध्ये गल्लीतली मुलं कागद घेऊन माझ्याकडे येतात.

पहिलं, दादा-ताईंच्या सांगण्यावर विषय ठरवू नका. कर्नाटकात २०२१-२२ ला चार वर्षांच्या डिग्रीचा आराखडा आला आणि २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षं झाली. त्यांचं खरं असलं तरी ते त्यांच्या बॅचपुरतं. राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या वेबसाइटवरून आपल्या वर्षाचा अभ्यासक्रम उतरवून घ्या, प्रिंट काढा.

मग उलटं चालत या, म्हणजे पुढे काय करायचंय त्यावरून विषय ठरवा. पुढे बीएड करायचंय? तिथली अध्यापन पद्धती, म्हणजे जो विषय शिकवायला शिकायचं तो, डिग्रीच्या विषयांवरच मिळते. इतिहास सोडलात तर इतिहासाचे शिक्षक कसे होणार? एमएला कोल्हापूरला, शिवाजी विद्यापीठात जायचं असेल तर मायग्रेशन (विद्यापीठ बदलतानाचा दाखला) आणि पात्रतेचे कागद लागतील. प्रत्येक सेमिस्टरचं मार्ककार्ड आणि अभ्यासक्रमाची प्रत फाइलला लावून ठेवा. सीमाभागातल्या मुलांची नेमकी इथेच धावपळ होते, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

कॉलेजात विभागप्रमुखांना भेटाच. "सर, मला काय जमेल?" असं मोघम विचारू नका. विचारा, "सर, मराठी आणि अर्थशास्त्र ही जोडी तुमच्याकडे आहे का? तास एकाच वेळी तर येत नाहीत ना?" भाषेची अडचण वाटली तर मराठीत बोला, लाजू नका.

यूयूसीएमएसवर, म्हणजे कर्नाटकातल्या विद्यापीठांच्या ऑनलाइन पोर्टलवर, विषय भरलात की सबमिट करण्याआधी शेजारी कुणाला तरी मोठ्यानं वाचायला लावा.