जुनं विमान, नवा सिम्युलेटर: एफएसएक्सच्या काळातले अ‍ॅड-ऑन आज कसे चालवावेत

नागपूरला एकेकाळी रोज रात्री विमानांची जत्रा भरायची. १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली डकोटा विमानं मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरत. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल झाली की पहाटेच्या आत ती परत फिरत. संगणकावर फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे सिम, उडवणाऱ्या नागपूरकराला ही फेरी एकदा तरी करून बघावीशी वाटते. मग पंधरा वर्षं जुन्या हार्ड डिस्कवरचं 'डीसी-३' (म्हणजे डकोटाच) नावाचं फोल्डर आठवतं, ते नव्या सिममध्ये कॉपी होतं आणि विमानांच्या यादीत काहीच दिसत नाही.

अशा वेळी दोष विमानाचा असतो की कॉपी करण्याचा, हे शोधत रात्र घालवायची गरज नाही. फोल्डर उघडून आत कोणत्या फाइली आहेत ते बघितलं, तर अ‍ॅड-ऑन, म्हणजे सिमला वरून जोडायचं विमान किंवा विमानतळ, चालेल, अर्धवट चालेल की सोडून द्यावं हे पाच-दहा मिनिटांत ठरतं. म्हणून सुरुवात इन्स्टॉलर चालवून नव्हे, फोल्डर उघडून करायची.

आधी थोडा इतिहास, कारण अडचण तिथेच आहे

मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर एक्स, म्हणजे एफएसएक्स, २००६ मध्ये आला. तो ३२-बिट होता. २०२० चा मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेली त्याची पुढची आवृत्ती, दोन्ही ६४-बिट आहेत. ६४-बिट प्रोग्रॅमच्या पोटात ३२-बिट डीएलएल, म्हणजे प्रोग्रॅमला जोडली जाणारी कोडची फाइल, लोड होत नाही. हा विंडोजचा नियम आहे, त्याला सेटिंगमध्ये पळवाट नाही. जुन्या विमानांचे घड्याळासारखे डायल, ज्यांना आपण गेज म्हणतो, ते बरेचदा डॉट-गाउ या एक्स्टेंशनच्या फाइलींत असत. नाव वेगळं असलं तरी ती ३२-बिट डीएलएलच असते, त्यामुळे असे गेज नव्या सिममध्ये कधीच चालणार नाहीत.

याउलट कॅब (झिपसारख्या) फाइलीत बांधलेले एक्सएमएल गेज म्हणजे निव्वळ मजकूर आणि चित्रं. ते रूपांतरित करता येतात.

फोल्डर उघडल्यावर काय बघायचं

विमानाच्या फोल्डरात साधारणपणे एअरक्राफ्ट डॉट सीएफजी, एक डॉट-एअर फाइल आणि मॉडेल, पॅनेल, साउंड, टेक्स्चर असे उपफोल्डर असतात. यातल्या दोन ठिकाणी थांबायचं.

पहिलं, पॅनेल. आतल्या पॅनेल डॉट सीएफजीमध्ये प्रत्येक गेजची एक ओळ असते. ओळीत उद्गारचिन्ह दिसेल: डावीकडे गेजच्या फाइलीचं नाव, उजवीकडे गेजचं. डावीकडची नावं फोल्डरातल्या कॅब फाइलींशी जुळली तर आशा आहे. बहुतेक नावं डॉट-गाउ फाइलींची असतील, तर विमान बाहेरून देखणं आणि आतून आंधळं होणार हे समजून चाला. गुंतागुंतीच्या जेट विमानांचे पडदे, ऑटोपायलट आणि एफएमसी (मार्ग आखणारा विमानातला संगणक) बहुधा अशाच फाइलींत असतात. म्हणून गुंतागुंतीची जुनी जेट विमानं आणायचा नाद सोडलेला बरा. चार गोल डायलांची प्रशिक्षण विमानं, ग्लायडर, जुनी पंख्याची विमानं, हीच या कामाला लायक.

दुसरं, मॉडेल. मॉडेल फोल्डरातली डॉट-एमडीएल फाइल नोटपॅडमध्ये उघडा. कचऱ्यासारखा मजकूर दिसेल, घाबरू नका आणि सेव्ह करू नका. अगदी पहिल्या ओळीत, सुरुवातीच्या काही अक्षरांनंतर, रोमन लिपीत एम, डी, एल, एक्स ही चार अक्षरं सलग दिसली तर मॉडेल खास एफएसएक्ससाठी बनलंय. ती दिसली नाहीत तर ते त्याआधीच्या, म्हणजे २००४ किंवा त्याहून जुन्या सिमचं आहे. एफएसएक्सनं अशी मॉडेलं मोठ्या मनानं चालवून घेतली, नवा सिम घेत नाही. ती आधी मॉडेल कन्व्हर्टर एक्स या मोफत साधनातून काढावी लागतात. पडताळणीचा हा टप्पा लोक गाळतात आणि मग 'विमान दिसतच नाही' म्हणून आठवडाभर डोकं धरून बसतात.

जुना इन्स्टॉलर सरळ चालवू नका

इन्स्टॉलर विंडोजच्या रजिस्ट्रीत एफएसएक्सचा पत्ता शोधतो. तो सापडला नाही तर काही इन्स्टॉलर तिथेच थांबतात, काही स्वतःच्या मर्जीनं भलत्याच फोल्डरात फाइली ओततात. आधी सेव्हन-झिपनं इन्स्टॉलर उघडतो का ते बघा, बरेच उघडतात. नाहीच उघडला तर डी ड्राइव्हवर एक रिकामं फोल्डर करा, त्यात एफएसएक्स डॉट ईएक्सई या नावाची रिकामी फाइल ठेवा आणि इन्स्टॉलरला तो पत्ता द्या. काही इन्स्टॉलर तेवढ्यावर फसतात. नव्या सिममध्ये बाहेरचे अ‍ॅड-ऑन ठेवायच्या कम्युनिटी फोल्डराचा पत्ता मात्र त्याला कधीही देऊ नका.

कम्युनिटी फोल्डर कुठे असतो

हा फोल्डर स्टीमवरून घेतलेल्या सिममध्ये एका जागी असतो, मायक्रोसॉफ्ट स्टोअरच्या सिममध्ये दुसऱ्या. पत्ते पाठ करण्यापेक्षा सिमच्या पर्यायांत डेव्हलपर मोड चालू करा आणि वरच्या टूल्स मेनूतून व्हर्च्युअल फाइल सिस्टिम उघडा. तिथे कम्युनिटी फोल्डर थेट उघडण्याचं बटण आहे. सिम बंद असताना शोधायचा असेल तर यूजर-सीएफजी या नावाची डॉट-ऑप्ट फाइल शोधा, तिच्या शेवटच्या ओळीत पॅकेजेस फोल्डरचा पत्ता असतो आणि कम्युनिटी त्याच्याच आत. एक्सबॉक्सवर हा फोल्डर नाही, त्यामुळे एक्सबॉक्सवाल्यांसाठी हा सगळा खटाटोप बाद.

विमान आणण्याची प्रत्यक्ष कृती

या कामासाठी एमएसएफएस लेगसी इम्पोर्टर हे मोफत साधन आहे. आयात आधी २०२० च्या सिममध्ये करून बघा. तिथे नीट उडालं तरच त्याची प्रत २०२४ मध्ये टाका.

१. मूळ फोल्डरची एक प्रत बाजूला काढा. पुढचं सगळं काम प्रतीवर.

२. इम्पोर्टरला कम्युनिटीचा पत्ता द्या, मग जुन्या विमानाच्या फोल्डरचा. नव्या पॅकेजचं नाव लहान ठेवा, रोमन अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता. विंडोजमध्ये फाइलीचा पूर्ण पत्ता २६० अक्षरांपलीकडे गेला की फाइल सापडेनाशी होते आणि स्टोअरच्या सिमचा पत्ता मुळातच वीतभर लांब असतो.

३. एअरक्राफ्ट डॉट सीएफजीचे तुकडे करायला सांगा. एफएसएक्समध्ये सगळं एकाच फाइलीत होतं. नव्या सिममध्ये उड्डाणाची गणितं, इंजिन, यंत्रणा, कॅमेरे आणि कॉकपिट यांच्या वेगवेगळ्या सीएफजी फाइली असतात.

४. इंजिनाच्या फाइलीत गहाळ असलेल्या नोंदी साधन दाखवतं, त्या भरा. हे टाळलं तर प्रॉपेलर फिरतो, पण इंजिन पकडत नाही.

५. टेक्स्चर, म्हणजे विमानाच्या पृष्ठभागाची चित्रं, बीएमपी स्वरूपात असतील तर डीडीएस स्वरूपात बदला.

६. कॅबमधले गेज रूपांतरित करा. अर्धेमुर्धे बिघडतील, उंची आणि वेग दाखवणारे तेवढे चालले तरी पुष्कळ.

७. शेवटी लेआउट डॉट जेसन नव्यानं बनवा.

हा सातवा मुद्दा लक्षात ठेवा. पॅकेजच्या मुळाशी दोन फाइली असतात. मॅनिफेस्टमध्ये पॅकेजची ओळख असते, तर लेआउटमध्ये प्रत्येक फाइलीचा पत्ता, आकार आणि तारीख. लेआउटमध्ये नोंद नसलेली फाइल सिमच्या लेखी अस्तित्वातच नसते. तुम्ही नवीन टेक्स्चर टाकलं आणि विमानावर ते दिसलं नाही, तर शंभरातले नव्वद वेळा लेआउट जुनंच राहिलेलं असतं. एमएसएफएस लेआउट जनरेटर नावाच्या छोट्या प्रोग्रॅमवर ती फाइल माउसनं ओढून सोडली की काम होतं.

दुसरी नेहमीची चूक झिप उघडताना होते: फोल्डरात फोल्डर. कम्युनिटीच्या आत पॅकेजचं फोल्डर आणि त्याच्या लगेच आत मॅनिफेस्ट व लेआउट दिसले पाहिजेत. मध्ये आणखी एक फोल्डर आलं की विमान गायब.

उडवल्यावर काय काय बिघडतं

चाकं धावपट्टीत रुतलेली दिसतात, किंवा विमान जमिनीच्या वर तरंगतं. फ्लाइट मॉडेलच्या सीएफजीत कॉन्टॅक्ट पॉइंट्स हा भाग शोधा. पॉइंटच्या प्रत्येक ओळीत पहिला आकडा प्रकाराचा, दुसरा पुढे-मागे, तिसरा डावी-उजवीकडे आणि चौथा वर-खाली, फुटांत. चाक अर्धा फूट रुतत असेल आणि चौथा आकडा उणे ६.२ असेल, तर तो उणे ६.७ करा. तरंगत असेल तर उलट. तिन्ही चाकांना तोच हिशेब लावा. त्यानंतर स्टॅटिक सीजी हाइट ही ओळ त्याच प्रमाणात बदला, नाहीतर फ्लाइट सुरू होताच विमान धाडकन आपटतं.

विमान हवेत डुलतं, नाक धरत नाही: २०२० च्या सिममध्ये सामान्य पर्यायांत फ्लाइट मॉडेलसाठी लेगसी असा पर्याय आहे. आणलेल्या विमानांसाठी तो निवडा आणि नेहमीच्या विमानांकडे वळताना परत मॉडर्न करा. हे परत करायचं राहून जातं, मग नेहमीचं सेसनाही परकं वाटतं.

आवाज येत नाही: साउंड डॉट सीएफजीत एलियसची ओळ टाकून सिममधल्याच एखाद्या तत्सम विमानाचा आवाज उसना घेता येतो. यादीत चौकोन कोरा दिसतो तो छोट्या चित्राअभावी, त्यानं उड्डाणाला काही होत नाही.

बाकी काहीही झालं तर डेव्हलपर मोडमधली कन्सोल खिडकी उघडा. लाल ओळीत बहुतेक वेळा नेमक्या फाइलीचं नाव असतं.

आणि हो, डकोटासाठी एवढी मेहनत घ्यायच्या आधी सिमची स्वतःची यादी बघा. नोव्हेंबर २०२२ च्या चाळिसाव्या वर्धापन आवृत्तीत डीसी-३ फुकट मिळालं आहे, तेही आयात केलेल्या कुठल्याही विमानापेक्षा कितीतरी चांगलं.

जुना विमानतळ: फक्त इमारती घ्या

एफएसएक्सची सीनरी, म्हणजे विमानतळ आणि आजूबाजूचा परिसर, बीजीएल फाइलींत असते. नव्या सिमच्या फाइलींचं एक्स्टेंशनही तेच, पण आतली रचना वेगळी, म्हणून नावावर जाऊ नका. भूभागाचे चढउतार, जमिनीचे रंग, रस्ते असं जे काही जुनं असेल ते टाकून द्या. नव्या सिममध्ये उपग्रहचित्रं आहेत, त्यापुढे जुनं म्हणजे गोधडीवरचं ठिगळ.

सोनेगावचं उदाहरण घ्या. विमानतळाचा संकेत व्हीएएनपी, धावपट्टी १४/३२, लांबी ३,२०० मीटर, समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे १,०३३ फूट. एफएसएक्समध्ये अख्खा विमानतळ या एका उंचीवर टेबलासारखा सपाट असे. नवा सिम जमिनीचा उतार पाळतो. जुन्या आकड्यांवर बसवलेली टर्मिनल इमारत म्हणूनच एका कोपऱ्यात जमिनीत गाडलेली आणि दुसऱ्या कोपऱ्यात अधांतरी दिसते. जुनी धावपट्टी तर उपग्रहचित्रातल्या धावपट्टीच्या बाजूला सरकलेली निघते आणि दोन समांतर पट्ट्या दिसू लागतात.

त्यामुळे बीजीएल मॉडेल कन्व्हर्टर एक्समध्ये उघडा, हवी ती इमारत निवडा, जीएलटीएफ स्वरूपात बाहेर काढा आणि डेव्हलपर मोडच्या सीनरी एडिटरमधून एकेक करून बसवा. बसवताना उंची समुद्रसपाटीपासून न देता जमिनीपासून शून्य ठेवा. दुसऱ्या कुणी बनवलेल्या इमारती घरच्या संगणकापुरत्याच. वाटायच्या असतील तर मूळ कर्त्याची परवानगी आधी घ्या.

नकाशे, पॅनेल आणि बाहेरून जोडले जाणारे प्रोग्रॅम

हे तुलनेनं सोपं. सिमच्या बाहेर चालणारा स्वतंत्र प्रोग्रॅम ३२-बिट असला तरी चालतो, कारण तो सिमच्या पोटात शिरत नाही. तो एफएसयूआयपीसीवर, म्हणजे सिम आणि बाहेरचे प्रोग्रॅम यांना जोडणाऱ्या साधनावर, अवलंबून असेल तर त्याची सातवी आवृत्ती घ्या. चौथी एफएसएक्सची, पाचवी आणि सहावी प्रीपारथ्रीडी (Prepar3D) या दुसऱ्या सिमची. एफएसयूआयपीसीच्या मोफत प्रतीवर अनेक जुने प्रोग्रॅम चालून जातात. सिमकनेक्टवर (सिमशी बोलायची त्याची स्वतःची सोय) चालणारा प्रोग्रॅम जोडला जात नसेल तर त्याच्या सिमकनेक्ट डॉट सीएफजीत पत्ता १२७.०.०.१ आणि पोर्ट ५०० देऊन बघा. जुने फ्लाइट प्लॅन लिटल नॅव्हमॅप या नकाशाच्या प्रोग्रॅममध्ये उघडून नव्या सिमसाठी पुन्हा निर्यात करा.

२०२० चं सामान २०२४ मध्ये

बहुतेक पॅकेजेस नुसती कॉपी केली तरी चालतात. हमखास फसतात त्या सिमच्या मूळ विमानांच्या रंगसंगती, म्हणजे लिव्हरी. लिव्हरीच्या सीएफजीत मूळ विमानाच्या फोल्डराचं नाव असतं, २०२४ मध्ये ती नावं आणि रचना बदलली आहे. त्या २०२४ साठी बनलेल्याच घ्याव्यात.

एका वेळी एकच पॅकेज टाका, सिम सुरू करा, दहा मिनिटं उडवा, मग दुसरं. पॅकेजेस आलटून पालटून लावायला अ‍ॅड-ऑन्स लिंकर सोयीचा आहे: मूळ फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर राहतो, कम्युनिटीत फक्त दुवा जातो. सिम कोसळल्यावर सेफ मोडचा पर्याय आला तर तो घ्या. त्यात कम्युनिटीतलं काहीच लोड होत नाही. तिथेही कोसळत असेल तर अ‍ॅड-ऑन निर्दोष आहे.

अशा वेळी, विशेषतः मे महिन्यात, संगणकाचं तापमान बघा. बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना दुपारी दोन वाजता घेतलेल्या चाचणीवर विश्वास ठेवू नये, तीच चाचणी पहाटे पुन्हा करावी. आणि संगणकाचं कॅबिनेट खोलीतल्या कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. खसच्या पडद्यातून येणारी ओली हवा आपल्याला गार वाटते, पण तिच्यासोबतची धूळ पंख्यांच्या पात्यांवर चिकटून लगदा होते आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच संगणक आणखी तापतो.