इराणच्या अणुकार्यक्रमाची बातमी कशी वाचावी

इराण आणि अमेरिका यांच्यात इशाऱ्यांची देवाणघेवाण सुरू झाली की नेत्यांची भाषणे बाजूला ठेवून आधी युरेनियम समृद्धीकरणाची (युरेनियममधील इंधन किंवा अस्त्रासाठी उपयोगी यू-२३५ या प्रकाराचे प्रमाण वाढवण्याची) टक्केवारी पाहावी. इराणने अमेरिकेसह सहा देशांशी केलेल्या २०१५ च्या अणुकरारात या टक्केवारीची मर्यादा ३.६७ टक्के, तर समृद्ध युरेनियमच्या साठ्याची ३०० किलो होती. २०१८ मध्ये अमेरिका करारातून बाहेर पडली आणि २०२१ मध्ये इराणने ६० टक्क्यांपर्यंत मजल मारली. अण्वस्त्रासाठी साधारणपणे ९० टक्के लागतात, पण बहुतांश मेहनत सुरुवातीच्या टप्प्यांतच खर्ची पडत असल्याने ‘अजून बरेच अंतर आहे’ असे मानणे मला धोक्याचे वाटते. त्यानंतर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निरीक्षकांना नतान्झ आणि फोर्दो या इराणच्या समृद्धीकरण केंद्रांत प्रवेश मिळतो का, हे तपासावे. केवळ साठ्यावरून अस्त्र तयार असल्याचा निष्कर्ष मात्र काढू नये.