कोपऱ्यावरचा उकिरडा हटवताय? या चुका टाळा

विजेच्या डीपीखाली, बंद वाड्याच्या भिंतीला लागून किंवा गल्लीच्या तोंडाशी वर्षानुवर्षं साचणारा ढीग हटवायला पुण्या-मुंबईत दर महिन्याला कुठला ना कुठला गट उतरतो. बहुतेक ठिकाणी आठ दिवसांत ढीग परत येतो, आणि कारणं ठरलेलीच असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रविवारी सकाळी थेट झाडू उचलणं. तीस माणसं जमतात, दोन तासांत जागा लख्ख होते, फोटो निघतात. सोमवारी रात्री तिथे पहिली पिशवी पडते आणि पुढच्या रविवारी ढीग होता तेवढा. मग ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही’ म्हणत सगळे घरी बसतात. हे वाक्य ऐकलं की चीड येते. घंटागाडी आठला येते आणि घरातली माणसं सातलाच कामाला निघतात, तर ओला कचरा त्यांनी ठेवायचा कुठे?

म्हणून आधी सात दिवस नुसतं बघायचं. सकाळी सहा ते आठ आणि रात्री नऊ ते अकरा. वहीत तीनच रकाने: वेळ, काय पडलं, कुठल्या बाजूने आलं. कुणाचं नाव लिहायचं नाही, चेहऱ्याचा फोटो काढायचा नाही. आठवड्यात चित्र स्पष्ट होतं. पहाटेच्या लहान पिशव्या घरांतल्या असतील तर गाडीची वेळ बदलून मागा, किंवा शेजारच्या घरी बादली ठेवायची सोय लावा. रात्रीचं खरकटं खाद्यपदार्थांच्या गाडीवरचं असतं; तिथे समोरासमोर बोलणंच चालतं. राडारोडा टेम्पोतून येतो, त्यावर पाटीचा काही उपयोग नाही. टेम्पो मागे घेता येणार नाही असे दोन-तीन जड दगड कडेला बसवावे लागतात. या आठवड्यात सफाई कामगारांच्या मुकादमाशी आणि कचरा गोळा करणाऱ्या ताईंशीही बोला. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद 2008 पासून दारोदार जातात. कुठलं घर कचरा देत नाही हे त्यांना वही न बघता ठाऊक असतं.

ढीग मोजल्याशिवाय दिवस ठरवू नका. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि दीड फूट उंच म्हणजे 90 घनफूट, जवळपास एक ब्रास (100 घनफूट). छोट्या टेम्पोच्या दोन-तीन खेपा सहज होतात. गाडी पालिकेच्या आरोग्य निरीक्षकाकडून आदल्या दिवशी पक्की झाली नसेल तर काम पुढे ढकला. पोत्यांत भरून कडेला ठेवलेला कचरा दुपारपर्यंत कुत्री फोडतात. हातमोजे जाड रबरी घ्या. दवाखान्यातल्या पातळ मोज्यांतून काच आणि सुई आरपार जाते.

जागा रिकामी झाली की त्याच दिवशी तिचं रूप बदललं पाहिजे. जमीन सपाट करा, भिंत रंगवा, दिवा बंद असेल तर त्याची तक्रार आधीच दिलेली असू द्या. बंगळूरचा ‘द अग्ली इंडियन’ हा गट 2010 पासून आपली नावं न सांगता हेच करतो: भिंतीचा खालचा पट्टा विटकरी लाल, वर पांढरा. लालवर पानाची पिंक उठून दिसत नाही. ओल धरलेल्या भिंतीला ऑइल पेंट लावू नका, पापुद्रे सुटतात. चुना आणि गेरू पुरे. त्यानंतर तीन आठवडे, वहीत सापडलेल्या त्याच वेळांना, दोन माणसं तिथे उभी हवीत. हे जमणार नसेल तर झाडूला हात लावू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी आवडती चूक झाडांची. 5 जूनला, म्हणजे पर्यावरण दिनाला, पाऊस नीट सुरू व्हायच्या आत, फूटभर रोपं राडारोड्यातच खोचली जातात. खाली विटांचे तुकडे आणि प्लॅस्टिकचे थर असतात, मुळं जाणार कुठे? उरलेलं काम शेळ्या करतात. जमीन भिजल्यावर, जूनअखेर ते जुलै, दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या, राडा बाहेर काढा, दोन भाग माती आणि एक भाग कंपोस्ट भरा. रोप पाच-सहा फुटी हवं, सोबत बांबू, सुतळीची सैल गाठ (तार नको) आणि जाळी. वायरींखाली उंच झाड नको, भिंतीलगत वड-पिंपळ नको. पाऊस संपला की आठवड्यातून दोनदा पंधरा लिटर पाणी, निदान पहिले दोन उन्हाळे. पाणी घालणाऱ्याचं नाव ठरलं नसेल तर पन्नासऐवजी तीनच झाडं लावा.

देवांच्या टाइल्स लावू नका. कचरा चार फूट सरकतो, एवढंच.

पाला असो की प्लॅस्टिक, जाळू नका. राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातली आणि साध्या प्रकारालाही 5,000 रुपये दंड ठेवला.

‘फार घाण आहे’ एवढ्याच तक्रारीवर पालिकेत कुणी हलत नाही. जागेची खूण, वेळ, अंदाजे घनफूट आणि फोटो द्या, तक्रार क्रमांक वहीत लिहा.

अध्यक्ष-सचिव आधी निवडू नका. एक गल्ली, पाच माणसं, एक वही. फावडी आणि घमेली त्याच गल्लीतल्या एखाद्या घरी ठेवा, पुढच्या शनिवारी लागतात.