आयपीव्ही६ मधला 'दोन तासांचा नियम' नीट कसा वाचायचा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानाचं नेटवर्क मी बघतो. तिथं लाईट जाऊन राऊटर परत चालू झाला की लाईनवर नवीन प्रिफिक्स (इंटरनेट पत्त्याचा पुढचा, सगळ्यांना सारखा भाग) येतो, पण बिलिंगच्या कॉम्प्युटरवर जुना पत्ता तसाच बसून राहतो, मग साईट कधी मिनिटभर लावते कधी उघडतच नाही, आणि हे नेमकं सौदे चालू असताना. शेवटी बसून आरएफसी ४८६२, म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा एक जाहीर कागद, वाचली. आयपीव्ही६ मध्ये, म्हणजे इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीत, राऊटरनं सांगितलेल्या प्रिफिक्सवरून कॉम्प्युटर स्वतःच पत्ता बनवतो, ज्याला स्लॅक म्हणतात, त्याचे हे २००७ चे नियम.

सगळा घोळ कलम ५.५.३ मधल्या ई मुद्द्यात आहे: आधीच असलेल्या पत्त्यासाठी राऊटरनं नवीन आयुष्य पाठवलं तर काय करायचं. बरेच जण त्याचा अर्थ 'पत्त्याचं आयुष्य दोन तासांच्या खाली जातच नाही' असा घेतात, मीही तसाच घेतला होता, पण तसं नाहीये. त्यात तीन अटी आहेत आणि त्या वरून खाली क्रमानंच लावायच्या, पहिली लागू झाली की पुढं जायचंच नाही.

कागद घ्या आणि आकडे टाकून बघा. राऊटरनं मेसेजमध्ये पाठवलेला व्हॅलिड लाइफटाइम (पत्ता एकूण किती वेळ टिकणार) दोन तासांपेक्षा जास्त आहे, किंवा पत्त्याच्या उरलेल्या वेळेपेक्षा जास्त आहे? मग तोच घ्यायचा. म्हणजे २० दिवस उरलेत आणि ३ तास आले तर सरळ ३ तास. ५० मिनिटं उरलीत आणि ८० आली तरी ८० च. हे बसत नसेल तर बघा, उरलेला वेळ दोन तास किंवा कमी आहे का, असेल तर आलेला आकडा सोडून द्यायचा, म्हणजे ५० मिनिटं उरली असताना शून्य आलं तर ५० च राहतात (राऊटरचा मेसेज ऑथेंटिकेट झालेला, म्हणजे तो त्याचाच असल्याची खात्री झालेली असेल तरच मानायचा, पण घरगुती राऊटरवर ते कुठं असतं). हेही नसेल तर दोन तास. २० दिवस उरलेत आणि शून्य आलं, तर दोन तास. कुणी खोटा मेसेज पाठवून सगळ्यांचे पत्ते एका झटक्यात उडवू नयेत म्हणून हे केलंय.

आता महत्त्वाचं. हे सगळं फक्त व्हॅलिडसाठी आहे. प्रिफर्ड लाइफटाइम (नवीन कनेक्शनसाठी पत्ता किती वेळ वापरायचा) राऊटरनं जो पाठवला तो प्रत्येक वेळी घ्यायचाच, व्हॅलिडचा आकडा सोडून दिला असला तरी. १९९८ च्या आरएफसी २४६२ मध्ये हे स्पष्ट नव्हतं, ४८६२ मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळं प्रिफर्ड शून्य झाला की पत्ता डेप्रिकेटेड होतो, म्हणजे चालतो पण शक्यतो टाळायचा, आणि दुसरा चांगला पत्ता असेल तर नवीन कनेक्शन त्याच्यावरनं जातं.

मग आमच्याकडं का अडलं? कारण लाईट गेल्यावर राऊटर जुना प्रिफिक्स विसरूनच जातो, त्याच्यासाठी शून्य पाठवणार कोण? आणि डिफॉल्ट प्रिफर्ड ७ दिवस, व्हॅलिड ३० दिवस. म्हणून राऊटरमध्ये जाऊन प्रिफर्ड २७०० सेकंद आणि व्हॅलिड ५४०० सेकंद करा, २०२१ च्या आरएफसी ९०९६ मध्ये हेच आकडे आहेत. राऊटरला युपीएस असेल तर उत्तमच.

बदल केल्यावर लिनक्सवर पत्ते दाखवणारी कमांड मारून बघा, तिथं व्हॅलिड ५४०० नाही तर ७२०० च्या आसपास दिसेल. घाबरू नका, तिसरी अट लागलीय. मग तो उतरत जातो, मधले राऊटरचे मेसेज दुसऱ्या अटीमुळं सोडले जातात, आणि ५४०० च्या खाली गेला की पहिली अट लागून परत ५४०० वर येतो. आमच्याकडं चहा होईपर्यंत ६६०० वर आला होता, आणि अर्ध्या तासानं ५४०० वर जाऊन बसला.