गावाचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा : ग्रामपंचायतींनी या चुका टाळाव्यात

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 नुसार जिल्ह्याचा आराखडा दरवर्षी तपासून अद्ययावत करावा लागतो, आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण व साधनसामग्रीची सज्जता यांची जबाबदारी कलम 41 ने ग्रामपंचायतीसह सर्व स्थानिक प्राधिकरणांवर टाकली आहे. त्यामुळे विदर्भातील अनेक ग्रामपंचायतींच्या कपाटात गावाच्या आराखड्याची फाईल असते. मात्र पाणी कोणत्या खुणेला लागल्यावर कोणी कोणाच्या घरी जायचे, हे त्या फाईलमध्ये लिहिलेले नसेल, तर पुराच्या रात्री तिचा काहीही उपयोग होत नाही.

वर्ष बदलून जुनाच आराखडा पाठवणे

मुखपृष्ठावरचे वर्ष बदलायचे आणि मागचीच पाने तहसील कार्यालयात सादर करायची, ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. त्या पानांवर बदली होऊन गेलेल्या ग्रामसेवकाचा मोबाईल नंबर तसाच राहतो आणि निवृत्त पोलीस पाटलाचे नावही तसेच राहते. एप्रिलमध्येच यादीतील प्रत्येक नंबर प्रत्यक्ष लावून पाहावा आणि प्रत्येक कामासाठी गावात मुक्कामी असणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीचे नाव लिहावे, कारण रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहू लागले की तालुक्याच्या ठिकाणी राहणारा कर्मचारी, त्याची कितीही इच्छा असली तरी, गावात पोहोचू शकत नाही. अंथरुणाला खिळलेले वृद्ध, दिव्यांग आणि दिवस भरत आलेल्या गरोदर स्त्रिया कोणत्या घरात आहेत हे आशा सेविकेला पाठ असते. ती माहिती वॉर्डनिहाय आराखड्यात उतरवणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे, आणि तेच बहुधा राहून जाते.

आपल्याकडे पाऊस नाही म्हणून निर्धास्त राहणे

ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेला आलेला महापूर या बाबतीत कायमचा धडा आहे. मध्य प्रदेशातील अतिवृष्टीनंतर सिवनी जिल्ह्यातील संजय सरोवरातून सोडलेले पाणी खाली आले, गोसीखुर्द धरणाचे सर्व 33 दरवाजे उघडावे लागले आणि भंडारा शहरापासून ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरीपर्यंतच्या नदीकाठाला पुराने वेढले. केवळ आपल्या अंगणातील पाऊस पाहून अंदाज बांधणाऱ्या गावाला अशा पुराची चाहूल लागत नाही. म्हणूनच वरच्या धरणांतून किती विसर्ग सुरू आहे हे तालुका नियंत्रण कक्षाला किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाच्या 1077 या क्रमांकावर रोज विचारण्याचे काम एका ठरावीक व्यक्तीकडे सोपवावे.

तथापि विसर्गाचा आकडा समजला, तरी त्याचा आपल्या गावापुरता अर्थ लावता आला पाहिजे. त्यासाठी रपट्याच्या किंवा नाल्याच्या काठावर सिमेंटचा एक खांब पुरून तो फुटाफुटावर रंगवावा. पाणी पिवळ्या पट्ट्याला लागले की गुरे कोठ्यातून सोडून उंचावर न्यायची, आणि ते तांबड्या पट्ट्याला लागण्यापूर्वी खालच्या मोहल्ल्यातील घरे रिकामी झालेली असली पाहिजेत, असे ग्रामसभेत ठरवून घ्यावे. हे पट्टे कोठे ओढायचे ते कार्यालयात बसून ठरत नाही. मागच्या मोठ्या पुराचे पाणी शाळेच्या भिंतीवर कोठपर्यंत आले होते आणि तेथवर चढायला त्याला किती तास लागले होते, हे जुन्या लोकांना विचारूनच ते ठरवावे लागते. नागपूर जिल्ह्यातील मोवाड येथे 30 जुलै 1991 रोजी वर्धा नदीच्या पुराने 200 हून अधिक माणसे नेली. आठवणारी माणसे आहेत तोवरच अशा पुरांच्या खुणा पक्क्या रंगाने नोंदवून ठेवणे हे ग्रामपंचायतीचे कर्तव्य आहे, असे मला मनापासून वाटते.

इशारा केवळ व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून थांबणे हीदेखील गंभीर चूक आहे. मुसळधार पावसात आधी वीज जाते आणि पाठोपाठ टॉवरही बंद पडतो. बॅटरीवर चालणारा भोंगा आणि घरोघरी जाऊन दवंडी देणारी दोन माणसे, एवढी तरी व्यवस्था असावी.

मोकळी दिसली म्हणून सखल जागा निवडणे

घरकुले, अंगणवाडी आणि समाजमंदिर यांसाठी नाल्याकाठची सरकारी जागा सहज मिळते, आणि पुढे नुकसानही तेथेच सर्वाधिक होते. निळी पूररेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल पूररेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवते. जेथे जलसंपदा विभागाने त्या आखलेल्या आहेत तेथे नकाशा पाहिल्याशिवाय, आणि जेथे आखलेल्या नाहीत तेथे गावातील पूरखुणा तपासल्याशिवाय, ग्रामपंचायतीने जागेचा ठराव करू नये. निवाऱ्यासाठी शाळा निवडतानाही तिकडे जाणारी वाट पाण्याखाली जाते का, शौचालये वापरण्याजोगी आहेत का आणि रात्री किल्ली कोणाकडे असते, हे आधीच पाहून ठेवावे.

पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलावांच्या, म्हणजे मालगुजारांच्या काळातील जुन्या तलावांच्या, बाबतीत सांडव्यात मासे अडवण्यासाठी घातलेले बांध पावसापूर्वी काढून टाकावेत आणि पाळीवर वाढलेली झाडेझुडपे व उंदरांची बिळे तपासावीत. नाल्यातील गाळ काढणे, हातपंपांचे ओटे उंच करणे आणि पाणी शुद्ध करण्याच्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचा साठा ठेवणे या कामांची तरतूद ग्रामपंचायत विकास आराखड्यातच केलेली असावी. जूनमध्ये धावपळ करून या कामांसाठी पैसा उभा राहत नाही.

आपत्ती म्हणजे केवळ पूर, असे समजणे

विदर्भात वीज पडून दरवर्षी माणसे दगावतात, आणि त्यांत शेतात राबणारे स्त्री-पुरुष व गुराखी मोठ्या संख्येने असतात. धानाची रोवणी सुरू असताना दुपारनंतर आभाळ भरून आले की बांधीतील, म्हणजे धानाच्या शेतातील, बाया जवळच्या झाडाखाली जातात, आणि तीच सर्वांत धोक्याची जागा असते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे विजेचा इशारा देणारे ‘दामिनी’ अॅप प्रत्येक शेतमजूर गटातील किमान एकीच्या मोबाईलमध्ये असावे. वीज चमकल्यापासून 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर लगेच पक्क्या इमारतीत जायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे बाहेर पडायचे नाही, हे रोवणीपूर्वी प्रत्येक टोळीला सांगावे. शाळेवर वीजरोधक यंत्रणा बसवली म्हणून सारे शिवार सुरक्षित होत नाही, कारण तिचे संरक्षण मर्यादित परिसरापुरतेच असते आणि अर्थिंग, म्हणजे वीज जमिनीत उतरवणारी जोडणी, तुटलेले असेल तर तेवढेही मिळत नाही. म्हणून दर उन्हाळ्यात वायरमनकडून अर्थिंग तपासून घेऊन त्याची नोंद ग्रामपंचायतीच्या रजिस्टरमध्ये करावी आणि त्याच सुमारास, पारा 45 अंशांच्या पुढे जाण्याआधी, रोजगार हमीच्या कामांच्या वेळा सकाळच्या करून कामावर सावली व पिण्याच्या पाण्याची सोय करावी.